नानांच्या हातची बट्टी

सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेलो की शेजारच्या ओट्यावरून नाना विचारतात, "काय मास्तर, पोट कसं शे?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. बरं, 'ठीक' म्हणून सुटका होत नाही. "ठीक म्हणजे? बांधीव का पातळ?" समोर दूधवाला उभा, पलीकडे शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या बायका उभ्या. माझा स्वभाव मुळात तापट. एकदा म्हणालो, "नाना, ही काय विचारायची गोष्ट आहे?" तर म्हणतात, "मग काय कापसाचा भाव विचारू? तो रोज पातळच असतो."

नाना आरोग्य खात्यात होते. धुळ्याकडच्या खेड्यांतून जुलाब, हगवण, कावीळ यांच्या मागे विहिरी तपासत उभा जन्म गेला. रिटायर होऊन मेहरूणला आमच्या शेजारी राहायला आले, मागे बायको गेली, पण खातं काही सुटलं नाही. ऑफिसात राहून भाषा पुस्तकी झाली आहे, मात्र मनातलं बोलायची वेळ आली की अहिराणी बाहेर येते. कुणाच्याही घरी गेले की आधी माठ बघतात. माझ्या सासूबाईंचा माठ त्यांनी सगळ्यांदेखत नापास केला, तेव्हापासून सासूबाई त्यांना 'पोटाचा तलाठी' म्हणतात.

अशा माणसाला लग्नाला बोलावताना लोक दोनदा विचार करणारच. पण एका कामाला नाना हवेच असत, बट्टी वाढायला. आमच्याकडे पंगतीला वरण-बट्टी. बट्टी म्हणजे कणकेचा गोळा, खरपूस तळलेला, कडक; दात नसलेल्यांची पंचाईत. नाना म्हाताऱ्यांसमोर आणि लहान पोरांसमोर उकिडवे बसून हातानं बट्टी कुस्करून देत, वर वरणाला आळं करून देत. "नाना, इकडे!" "नाना, आमच्या आईला!" अशा हाका सुरू झाल्या की माणूस खुलायचा.

माझ्या धाकटीच्या लग्नात त्यांनी कहर केला. वाढप्यांना रांगेत उभं करून नखं तपासली. साबण लावून वीस आकडे मोजायला लावले. पाण्याच्या टाकीत औषध स्वतः टाकलं. धुळ्याचा दगडू आचारी मला म्हणाला, "मास्तर, लग्न तुमच्या पोरीचं आहे का दवाखान्याचं?"

आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस जणांना उलट्या-जुलाब. माझ्या म्हाताऱ्या आत्याला तर सलाईन लावावं लागलं. माझं डोकं फिरलं. दगडूला फोनवर नाही नाही ते बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो. गोष्ट पसरली आणि ऐन लग्नसराईत त्याच्या हातची दोन लग्नं गेली.

नाना वही घेऊन निघाले. घरोघर तेच. काय खाल्लं, कुठं बसला होतात, किती वेळा गेलात. आत्यानं तोंड फिरवलं तरी तिला विचारलंच. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेलो, तर वही मिटून ठेवलेली.

"सापडलं?"

"सापडलं."

"दगडूच ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आजारी पडले ते बठ्ठे, एकूण एक, म्हातारे नाहीतर पोरं."

"त्यांची पोटं नाजूक, नाना."

"त्यांना बट्टी मी कुस्करून दिली होती."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून त्यांनाच जुलाब होत होते. सहा वेळा जाऊन आले. पाच वेळा साबणानं हात धुतले. सहाव्या वेळी साबण सापडेना आणि बाहेरून हाका सुरू. नुसते पाण्याखालून हात काढले आणि पंगतीत धावले.

माझा पारा चढला. "अहो, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला मांडवाबाहेर काढलं असतं! मला सांगायचं तरी."

"सांगतू, ते तुम्ही माले घर बसाडी देतात," नाना म्हणाले. मग वहीकडे बघत, "अन् घर कोन शे मना?"

सांगितलं असतं तर मी त्यांना घरी बसवलंच असतं, आणि त्या घरी त्यांचं कुणीच नव्हतं. इतक्या वर्षांचा शेजार, पण लग्नकार्य सोडून मी या माणसाला कधी जेवायला बोलावलं नव्हतं. लाज वाटली. खरंच वाटली.

नानांनी धुतलेला सदरा घातला आणि धुळ्याला निघाले. मीही निघालो, दगडूची माफी मलाही मागायची होती. दगडूनं सगळं ऐकून घेतलं आणि नानांना चांगलं फैलावर घेतलं. नानांनी मान खाली घालून ऐकलं. मग त्यालाच सोबत घेऊन काम काढून घेतलेल्या दोन्ही घरी गेले आणि म्हणाले, "आचाऱ्याचा दोष नाही. हात माझे होते." एका घरानं काम परत दिलं. दुसऱ्यांनी बघू म्हटलं.

परतीची बस पारोळ्याला थांबली. नाना म्हणाले, "आता पंगतीत मला कोणी उभं करणार नाही, मास्तर."

खोटा धीर देणं मला जमत नाही. ते म्हणत होते ते खरंच होतं. मी म्हणालो, "रविवारी आमच्याकडे जेवायला या."

एरंडोल यायच्या सुमाराला नानांनी विचारलं, "किती वाजता येऊ?"