निळ्या रंगाबाबतचा ठराव

पहारेकरी रसिक मंडळाच्या चिटणिसांना या प्रकरणातून बरंच काही मिळण्यासारखं होतं. सुवर्णमहोत्सवी विशेषांकाची प्रस्तावना, ती त्यांच्या फोटोसकट. पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपद आणि त्याबरोबर येणारी, मंडळातली हात असलेली एकमेव खुर्ची. शिवाय उस्तादांना चारचौघांत ‘काका’ म्हणण्याचा अधिकार, जो आजवर कुणालाही मिळालेला नव्हता आणि ज्यासाठी चिटणीस खुर्चीचे दोन्ही हात सोडायला तयार होते. गमावण्यासारखं काही नव्हतं. पणाला लागलेले डोळे उस्तादांचे होते.

उस्ताद म्हणजे ‘निळा पहारेकरी’ या चित्रकथेचे जनक. रात्री गच्च्यांवरून गस्त घालणारा, निळ्या कोटातला तो वीर त्यांनी पन्नास वर्षं एकहाती काढला. त्याच्यावर दोन पिढ्या वाढल्या. त्यांतले बरेच जण पुढे मोठे झाले. जे झाले नाहीत त्यांनी मंडळ काढलं.

गेल्या काही अंकांपासून मात्र पहारेकऱ्याच्या कोटाचा रंग उतरू लागला होता. आधी तो धुरकट झाला, मग मळखाऊ, मग चक्क तपकिरी. पाठोपाठ आकाश तपकिरी झालं, समुद्रही झाला. वाचकांची पत्रं येऊ लागली तेव्हा उस्तादांनी मंडळाच्या मुखपत्राला मुलाखत दिली. ते म्हणाले, “निळा रंग नसतो. छापखानेवाल्यांनी शाई खपवायला काढलेलं ते खूळ आहे. मी पन्नास वर्षं फसलो. आता दिसतं तेवढंच काढतो.”

हेच वाक्य शेजारच्या आजोबांनी उच्चारलं असतं तर घरच्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं असतं. उस्तादांनी उच्चारल्यामुळे परिसंवाद ठेवण्यात आला.

मंडळाची खोली एका इस्त्रीच्या दुकानावर होती. खालून वाफ येई, त्यामुळे चर्चा बाराही महिने तापलेली असे. परिसंवादात दोन गट पडले. चिटणिसांचा तपकिरी गट आणि दंतवैद्यांचा निळा गट. अध्यक्ष निवृत्त वकील असल्यामुळे दोन्ही बाजूंना मान डोलवत.

“मी लहानपणापासून आकाश बघतोय हो,” दंतवैद्य म्हणाले. “निळं आहे ते. खिडकी उघडा आणि बघा.”

“खिडकी उघडायची असेल तर आधी अध्यक्षांची परवानगी घ्या,” चिटणीस म्हणाले. “आणि आकाश काय, कुणीही बघतं. उस्ताद त्याच्या आरपार बघतात.”

“आरपार कसलं! हा शुद्ध अहंकार आहे. या माणसाने पुरस्कार परत केला, का, तर ‘पुरस्कार’ हा शब्द त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापला होता! गर्दीचं चित्र काढलं तर प्रत्येकाला स्वतःचं नाक देतो. पोलिसाला तेच नाक, चोराला तेच, पाळण्यातल्या बाळालाही तेच!”

“तो मानवजातीच्या ऐक्याचा संदेश आहे.”

“बाळाला मिशीही आहे, साहेब.”

“ऐक्य म्हटलं की थोडंफार सहन करावं लागतं.”

टाळ्या पडल्या. दंतवैद्यांनी घोषणा केली की पुढच्या महिन्यात ते ‘अहंकाराचा रंग’ या विषयावर व्याख्यान देतील. चिटणिसांनीही लगेच सांगून टाकलं की विशेषांकाची प्रस्तावना लिहून तयार आहे आणि तिचं शीर्षक ‘तपकिरी पर्व’ असं आहे.

तेवढ्यात उस्तादांची मुलगी जिना चढून आली. ती बँकेत काउंटरवर बसे. माणसांना रांगेत उभं करून ऐकून घ्यायची तिला सवय होती, रांगेत उभं राहून सांगायची नव्हती.

“मला दोनच मिनिटं हवीत,” ती म्हणाली. “बाबांना मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांना. त्यामुळे त्यांना सगळं पिवळं-तपकिरी दिसतंय आणि निळं दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, फार पिकू दिला तर डोळ्यात दाब वाढेल. मग गेलेली नजर काही केल्या परत यायची नाही.”

खोलीत शांतता पसरली. ती दुःखाची असावी असा मुलीचा समज झाला. प्रत्यक्षात चिटणीस लिहून तयार असलेल्या प्रस्तावनेचा विचार करत होते. दंतवैद्यांचा चेहरा आधी उजळला, कारण आकाश निळंच निघालं होतं. मग तो पडला. मोतीबिंदू म्हणजे आजार. आजार म्हणजे अहंकार नव्हे. आणि व्याख्यानाची घोषणा तर होऊन गेली होती.

“मग ऑपरेशन करून टाका ना,” अध्यक्ष म्हणाले. “अडलंय कुठे?”

“बाबांपाशी. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायला त्यांचं नाव विचारलं. ज्याला माझं नाव ठाऊक नाही त्याला डोळ्यांतलं काय कळणार, असं बाबांचं म्हणणं. आता एकच घोशा लावलाय. ‘माझे वाचक म्हणाले तर टेबलावर झोपेन, बाकी कुणाचं ऐकणार नाही.’ तुम्ही फक्त एवढं म्हणा. करून घ्या, म्हणा.”

“म्हणू की! त्यात काय एवढं,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त मंडळाने म्हणायचं म्हणजे ठराव हवा. ठरावाला सूचना हवी, सूचनेला मुदत हवी.”

“काका, डॉक्टर घाई करा म्हणतायत.”

“घाई आम्हालाही आहे, ताई. नियमांना नाही.”

विषय गंभीर असल्यामुळे उपसमिती नेमण्यात आली. उस्तादांचे डोळे ही त्यांची खासगी बाब मानावी की पहारेकऱ्याची मालमत्ता, हे तिने तपासायचं होतं. समितीत चिटणीस आणि दंतवैद्य असे दोघेच होते, म्हणजे दोघांचं जमणार नाही याची खात्री होती आणि निःपक्षपातीपणा आपोआप साधला जाणार होता.

समिती घरी पोचली तेव्हा उस्ताद टेबलाशी बसून आकाश रंगवत होते. त्यांनी ब्रश चहाच्या कपात बुडवला, कागदावर ओढला आणि समाधानाने मान हलवली. मुलीने कप उचलून रंगाची बाटली पुढे सरकवली. चिटणिसांनी टिपून घेतलं: ‘माध्यमाचे धाडसी प्रयोग.’

“कोण, दातांचा डॉक्टर का?” उस्ताद डोळे बारीक करत म्हणाले. “ये. जुन्या फोटोसारखा दिसायला लागलायस. छान दिसतोस. पूर्वी फार भडक होतास.”

दंतवैद्यांची कुणी स्तुती केल्याला बराच काळ लोटला होता. ते खुर्चीत बसले आणि आपण इथे कशासाठी आलो हे थोडंसं विसरले.

मुलगी चहा आणायला आत गेली. तेव्हा उस्तादांनी ब्रश खाली ठेवला आणि आवाज उतरवला. “खरं सांगा रे. ही पोर म्हणते, सगळं चुकतंय. डोळे गेलेत म्हणते माझे. तुम्ही वाचक आहात. चुकतंय का?”

घरात तेव्हा फक्त आतल्या भांड्यांचा आवाज होता. एक ‘हो’ पुरलं असतं. दंतवैद्यांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांनी कागदाकडे पाहिलं. त्यावर चहा वाळत होता.

“उस्ताद,” चिटणीस म्हणाले, “लोक वेडे झालेत तुमच्या तपकिरीसाठी.”

“ऐकलंस का गं?” उस्ताद स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले. मग चिटणिसांचा हात हातात घेऊन म्हणाले, “उस्ताद काय म्हणतोस परक्यासारखं? काका म्हण मला.”

परतताना दंतवैद्य जिन्यात म्हणाले, “सांगायला हवं होतं हो आपण.”

“मग सांगायचं होतंत.”

“मला वाटलं तुम्ही सांगाल. निळा गट मी आहे, माझं त्यांनी मनावर घेतलं नसतं.”

रीतसर सूचना देऊन, मुदत पाळून सभा भरली. मुलगी भिंतीशी उभी राहिली; सभासद नसलेल्यांना बसण्याची तरतूद नव्हती. निळ्या गटाने ठराव मांडला की उस्तादांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं. तपकिरी गटाने दुरुस्ती सुचवली की एकाही डोळ्याला हात लावू नये, कारण कलावंताच्या उत्तरकालीन शैलीत ढवळाढवळ करण्याचा अधिकार वैद्यकाला नाही. मतं समसमान पडली. इस्त्रीवाला दुकान बंद करून गेला, वाफ थांबली आणि खोली थंड पडू लागली, तेव्हा अध्यक्षांनी आपला आयुष्यभराचा कोर्टातला अनुभव पणाला लावला आणि तडजोड काढली.

“उजव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हावं. डावा कलेच्या हितासाठी जैसे थे राहावा.”

ठराव एकमताने मंजूर झाला. दोन्ही गटांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

“डोळे आहेत हो ते,” मुलगी भिंतीपासून म्हणाली. “दुकानाचे गाळे नाहीत, वाटून घ्यायला.”

“ताई, तडजोडीत प्रत्येकाला थोडं थोडंच मिळतं.”

“आणि बाबांना?”

“त्यांना अर्धं मिळालं. सगळ्यांपेक्षा जास्त.”

ठराव वाचून उस्ताद अतोनात खूश झाले. “माझ्या एकेका डोळ्यावर मतदान होतं!” ते मुलीला म्हणाले. “आहे का असा दुसरा कुणी चित्रकार?” डॉक्टरांनाही काही वावगं वाटलं नाही, कारण तेही एका वेळी एकच डोळा करत. त्यांनी दुसऱ्याची तारीख द्यायला वही उघडली, तेव्हा उस्तादांनी बजावलं, “डाव्याला वाचकांची परवानगी नाही.” डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते हसले. उस्तादांच्या लेखी डॉक्टर आणखी एकदा नापास झाले.

पट्टी निघाली तेव्हा उस्ताद दवाखान्याच्या खिडकीसमोर बसले होते.

“अगं, हे काय?”

“आकाश आहे, बाबा.”

“एवढं?” ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी विशेषांकाची पानं मागवली. डावा डोळा तळहाताने झाकून एकेक पान पाहिलं. “कुणी काढलं हे?”

“तुम्हीच.”

“मला कुणी सांगितलं कसं नाही?”

मुलीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

“तू सांगितलंस गं,” ते म्हणाले. “त्यांनी नाही सांगितलं.”

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः इस्त्रीच्या दुकानावरचा जिना चढून मंडळात आले. दोनच मागण्या होत्या. पानं नव्याने निळी रंगवू द्यावीत, आणि डाव्या डोळ्याला परवानगी मिळावी. उस्तादांनी कुणाकडे काही मागण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यामुळे सभासदांना ते ओळखीचे वाटले नाहीत.

“काका,” चिटणीस प्रेमाने म्हणाले, “हे तुमचं आजचं मत झालं, तेही एका डोळ्याचं. आमची निष्ठा ज्या उस्तादांवर आहे ते दोन्ही डोळ्यांनी तपकिरी पाहत होते. त्यांच्या कामात तुम्हाला कसा हात घालू द्यायचा?”

“अरे, ते मीच!”

“असं प्रत्येक जण म्हणेल.”

उस्तादांनी आशेने दंतवैद्यांकडे पाहिलं. निळं आकाश या गृहस्थांचंच होतं. पण दंतवैद्यांचं व्याख्यान नुकतंच गाजलं होतं आणि आणखी दोन ठिकाणांहून आमंत्रणं आली होती. “काय आहे उस्ताद,” ते चष्मा पुसत म्हणाले, “या वयात पन्नास पानं पुसून काढायची हौस, हाही एक अहंकारच म्हणायचा.”

डाव्या डोळ्याबद्दल अध्यक्षांनी सहानुभूती व्यक्त केली. मात्र एकमताने झालेला ठराव बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि ती विशेषांकाच्या प्रकाशनानंतर होती. “तोवर डोळा सांभाळा,” त्यांनी सल्ला दिला.

मुलगी त्या रात्री बापाशी भांडली. “त्यांना विचारायचंच कशाला? उद्या जाऊ, करून टाकू.” उस्ताद म्हणाले, “प्रकाशन होऊ दे. आत्ता मी त्यांचं मोडलं तर उद्या माझं कोण वाचेल?”

डाव्या डोळ्याला सर्वसाधारण सभेची तारीख कळवण्यात आली नव्हती. एका पहाटे तो लाल झाला, ठणकू लागला, उस्तादांना उलट्या झाल्या. मुलीने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ठणका थांबवला. नजर गेली ती गेली.

मंडळाने उभं राहून शोक व्यक्त केला. डोळा एकच असल्यामुळे पूर्ण मिनिट उभं राहावं की अर्धं, यावर थोडा वाद झाला. तो पाऊण तास उभ्यानेच चालला, त्यामुळे प्रश्न परस्पर सुटला.

विशेषांक ठरल्या दिवशी तपकिरी निघाला. प्रस्तावना वाचनीय होती आणि फोटोतला चिटणिसांचा कोट निळा होता. चित्रकथेच्या पानांपुरती छापखान्याची निळी शाई वाचली. दंतवैद्यांचं व्याख्यान परिशिष्टात आलं. सर्वसाधारण सभेत डाव्या डोळ्याचा विषय ‘आता कारण उरले नाही’ असा शेरा मारून निकाली काढण्यात आला. उस्ताद आता पुढचा भाग काढतायत. उजव्या डोळ्याला स्वच्छ निळं दिसतं, पण वाचकांना तपकिरीची सवय झाली आहे, म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसतात. रस्त्यात मुलगी त्यांच्या डाव्या अंगाने चालते.

आपणही तो अंक घेतला होतात. पहिल्याच पानावर आकाश चहासारखं दिसतंय हे आपल्या लक्षात आलं. आपण मान वर केलीत, आजूबाजूचे सगळे माना डोलावताना दिसले, आणि मग आपणही शेजाऱ्याला म्हणालात, “खोल आहे.”

अंकाचे पैसे आपण दिलेत. बाकीचं उस्तादांनी दिलं.