माशांच्या हौदावरची मेथी

आमच्या शेजारचे सावळेरामतात्या कुणालाही भेटले, की राम राम करायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघत. आत लाल दिसलं तर म्हणत, "झ्याक!" फिकट दिसलं तर मान हलवत, "रगात न्हाई तुमच्यात. भाजी खात जा."

एकदा श्रीरामपूरला जाताना त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरची पापणी ओढली. कंडक्टरने घंटी मारून त्यांना मध्येच उतरवलं. उतरता उतरता तात्या गाडीतल्या लोकांना म्हणाले, "बगा, रगात कमी असलं की मानूस असा चिडतो."

बायकांना ते हात लावत नसत. पण भर गल्लीत लांबून ओरडत, "सूनबाई, पापनी वड खाली! बगू दे!" चारचौघांत मला मान वर करायची चोरी, आणि हे असं. ते बोळाच्या तोंडाशी दिसले, की मी हंडा घेऊन उलटी फिरायची आणि देवळाला वळसा घालून घरी यायची.

तात्या साखर कारखान्यात भट्टीवर होते. बायको वारल्यावर काम सोडून घरी बसले. मूलबाळ नाही. अंगणात सिमेंटचा हौद होता, त्यात त्यांनी डास होऊ नयेत म्हणून पाटातून धरून मासे आणून सोडले. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की हौदाचं पाणी सांडतं तिथला अळू हत्तीच्या कानाएवढा झालाय. झालं. त्यांनी हौदावर दगडी कट्टा बांधला. कारखान्याच्या भंगारातल्या पत्र्याच्या काहिली आणून त्यांच्या बुडाला भोकं पाडली, आत खडी भरली आणि तिच्यात मेथी-पालक पेरला. दिवसभर बादलीने हौदातलं पाणी वर ओतायचं. ते खडीतून झिरपून पुन्हा हौदात पडायचं. माती नाही, शेणखत नाही. आमच्या भिंतीपलीकडे टपटप, टपटप चालूच.

"मासा पान्यात, त्येची ताकद पान्यात. पानी खडीत, ताकद भाजीत. भाजी तुमच्या पोटात. मंग डागदर कशाला पायजे?" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की दळताना ओवीच्या जागी तेच तोंडात यायचं.

बरं, भाजी देऊन गप्प बसतील तर तात्या कसले. जुडी भिंतीवरून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी हजर. "कशी लागली?"

"बरी हाय."

"बरी म्हंजी? आदी कडू मंग गोड, का आदी गोड मंग कडू? गिळल्यावर जिभेवर काय ऱ्हातं? नीट जिभेला इचारून सांग."

इकडे तव्यावर भाकरी करपायची आणि मी जिभेला काय विचारणार? मी आपली पुन्हा म्हणायची, "बरी हाय." ते चिडायचे. "तुमची जीभ हाय का जोड्याचा तळ?"

त्यात माझ्या सासूबाई माळकरी. त्या म्हणत, "माशाचं पानी पिऊन वाढलेली भाजी म्हंजी माशाचीच भईन. माझ्या चुलीवर न्हाई चढायची." मग ती जुडी मी न्हाणीच्या मागे, तीन दगड मांडून, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात शिजवायची. एका जुडीपायी दोन चुली. तात्यांना नको म्हणायची मला हिंमत नव्हती, आणि सासूबाईंना हो म्हणायची तर त्याहून नव्हती.

मग तो दुष्काळ आला. पावसाने तोंडच दाखवलं नाही. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात, आणि घरात रेशनवरच्या त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. गल्लीचा आड तळाला गेला, घरटी दोन हंडे पाणी ठरलं. तात्या त्यातला दीड हंडा हौदात ओतत आणि अर्ध्यात स्वतःचं भागवत. अंघोळ बहुधा सोडूनच दिली होती.

गल्ली तापली. समोरच्या हौसाबाईंची म्हैस पाण्यावाचून हंबरत होती. त्या तात्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "माझी म्हस मरायला टेकलीय आन् तुमचं मासं पवत्यात व्हय? लाज वाटू द्या!"

"मासं पवत न्हाईत, भाजी पिकवत्यात," तात्या म्हणाले. "बाजारच्या भाजीत हाय का तसली चव? तसली ताकद?"

"भाजी ती भाजी. माशाच्या पान्यानं काय बासुंदी हुती का तिची?"

झालं, तात्या पेटले. पोलिसपाटील भांडण मिटवायला आले होते. त्यांच्यादेखत तात्या म्हणून बसले, "खाऊन सांगा! बाजारची मेथी आन् माझी मेथी शेजारी शेजारी ठिवा. बायकांनी माझी निवडली न्हाई, तर हौद जनावरांना खुला. मासं पन वाटून खावा!"

पाटलांना तेवढंच पाहिजे होतं. ते म्हणाले, "ठरलं." आणि रांधायचं कुणी? तर मी. का, तर म्हणे ही बोलत नाही, म्हणजे आधी फोडणारही नाही. कोणती भाजी कुठल्या पातेल्यात, हे एकटीला माहीत. सगळ्यांचं खाऊन झालं की मी तोंडाने सांगायचं. चारचौघांत!

आमच्या ह्यांनी सायकलवरून बाजारची मेथी आणली. मी अंगणात चूल मांडली. एकच तेल, एकच मिरची, तेवढाच लसूण. हौदाची मेथी जर्मनच्या पातेल्यात, बाजारची पितळेच्या. सासूबाई उंबऱ्यात नाकाला पदर लावून बसल्या होत्या, पण लक्ष सगळं पातेल्यांकडे.

बायका जेवल्या. मला कबूल केलं पाहिजे, फरक होता. बाजारची मेथी निबर, कडू. हौदाची मऊ, आधी जराशी कडसर आणि मागून गोडी येणारी. एकेकीने जर्मनच्या पातेल्याकडे बोट केलं. हौसाबाईंनी दोनदा घेऊन खाल्ली आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "हीच बरी हाय. अन्नावर बसून खोटं कशाला बोलू?"

आता मी सांगितलं की सुटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हौसाबाईंनाच हुक्की आली. "थांब गं. आमच्या जिभा इचारल्या, आता तात्याच्या जिभेला पन इचारू. तात्या, तुमची कंची, सांगा बरं!"

मी सगळ्यांकडे पाठ करून, कुणाला दिसू न देता, तात्यांच्या ताटलीत दोन्हीकडे एकेक डाव वाढला. डावीकडे पितळेच्या पातेल्यातला, उजवीकडे जर्मनमधला. तात्यांनी इकडचा घास घेतला, तिकडचा घेतला. पुन्हा इकडचा. चावताना ते भाजीकडे बघत नव्हते, आमच्या तोंडांकडे बघत होते. एकीकडून दुसरीकडे. शेवटी त्यांनी डावीकडे बोट ठेवलं.

"ही माजी. लोन्यावानी हाय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती. त्या माणसाला काहीच लागत नव्हतं. कडू नाही, गोड नाही, काही नाही.

"सांग सूनबाई," पाटील म्हणाले.

तात्या बरोबर म्हणाले म्हणावं, तर बायकांनी निवडली ती बाजारची ठरते आणि हौद जातो. जर्मनची त्यांची म्हणावं, तर हौद राहतो, पण पापण्या ओढत गावभर चवीच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याला स्वतःची भाजी ओळखू आली नाही, हे हौसाबाई बाजाराच्या दिवशी बेलापुरापर्यंत पोचवणार. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला, चांगला मोठा.

"जर्मनच्या पातेल्यातली हौदाची. आन् तात्यांना वाढताना माजी चूक झाली. दोनी डाव जर्मनमधलंच पडलं. त्येंच्या ताटलीत दोनीकडं त्येंचीच भाजी हाय."

"बगू बगू," म्हणून हौसाबाईंनी ताटलीकडे हात नेला. त्यांचा हात पोचायच्या आत तात्यांनी दोन्हीकडची भाजी एकत्र करून दोन घासांत संपवली आणि बोटं चाटली.

बायका मला हसल्या. सासूबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "दोन डाव वाढायचं काम, तेबी धड हुईना! येंधळी कुठली!" पाटील म्हणाले, "हौद ऱ्हाऊ द्या. पन तात्या, भाजी घरोघर गेली पायजे, आन् तुमच्या वाटचा एक हंडा म्हशीला." तात्यांनी मान डोलावली. एरवी यावर ते तासभर बोलले असते.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीशी आले. पापणी नाही, काही नाही. बादलीची कडी वाजवत उभे राहिले.

"गंधकाच्या भट्टीवर हुतो," ते म्हणाले. "रस पांढरा कराया गंधक जाळत्यात. त्येचा धूर. पयलं नाक गेलं, मंग जीभ. आमची म्हातारी जिती हुती तवाच."

मी पिठाचे हात पदराला पुसले.

"तिला कळू दिलं न्हाई. रांधायची लई हौस तिला. रोज पयल्या घासाला म्हनायचो, झ्याक झालीय. कडू का गोड, तिच्या तोंडाकडं बगून अंदाज करायचो. मरंस्तवर पत्ता लागू दिला न्हाई." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. मग म्हणाले, "शेवटच्या वर्साला मातुर एक झालं. असाच जेवाया बसलो, म्हनलं, आज तर लईच झ्याक. तर म्हातारी हसायला लागली. डोळ्याला पदर लावून हसली. 'काय झालं गं?' म्हनलं, तर म्हनली, 'काय न्हाई, जेवा.' आन् आतून वाईच मीठ आनून माज्या भाजीवर घातलं. कशापायी हसली, काय की. अजून उमगलं न्हाई."

मी "आमाला काय ठावं, तात्या," म्हटलं आणि करपणाऱ्या भाकरीकडे धावले.