मोटार थंडीत अडली आणि सूनबाईसाहेबांनी चालती केली, त्याची हकिकत

ज्याच्या एका ठिणगीने लोखंड धावू लागते, त्या अग्निनारायणास नमन करून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्षी राज्यात थंडी फार पडली. ते समयी दौलतीत मोटार एकच, आणि तिचे सारथी तुळाजी नाईक. त्यांची तिजवर लेकरासारखी माया. सूनबाई रेवतीबाईसाहेबांचे दिवस भरत आले होते, आणि इस्पितळ घाटापलीकडे, आणि मोटार तर रोज पहाटे किल्ली फिरविताच कण्हावी आणि गप्प बसावी; ऊन चढले म्हणजे निमूट सुरू व्हावी. मग दरबार भरला. कारभारी म्हणाले, पेट्रोलात पाणी आहे. फडणीस म्हणाले, दृष्ट लागली, आणि त्यांनी लिंबूमिरची बांधविली. थोरल्या आईसाहेबांनी विचारिले, "तुळाजी, म्हातारं कोण झालं, मोटार की तुम्ही?" दरबार हसला आणि तुळाजींनी मान खाली घातली.

दुसरे दिवशी पहाटे रेवतीबाईसाहेब शाल पांघरून स्वतः गाडीखान्यात आल्या. माहेरी त्यांचे शिक्षण पदार्थविज्ञानाचे झाले होते. त्यांनी दिवे लावविले आणि किल्ली फिरवविली, तो दिवे विझू विझू झाले; मग झाकण उघडवून बॅटरीच्या दोन्ही पकडींस बोट लाविले, तो काळी गार आणि तांबडी ऊन लागली.

"तुळाजीकाका, सगळी मोटार गारठली आहे आणि ही एकच पकड ऊन. वीज इथं अडते आहे. आत काय घातलंत?"

दसऱ्यास तुळाजींनी तांबडे टोक मानाचे म्हणून त्याची पकड काढून, तुपात कालविलेले हळदकुंकू टोकास माखून, वरून पकड चढविली होती. बाहेरून लावलेले आतल्या देवतेस पोहोचत नाही, ऐसे त्यांचे मत.

"बाईसाहेब, पूजा केली," इतकेच ते बोलिले.

"पूजा चुकली नाही काका, जागा चुकली."

मग बाईसाहेबांनी समजाविले की थंडीत बॅटरीचे बळ घटते, इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणून वीज जास्त लागते, आणि तिच्याच वाटेत तूप थिजून बसले आहे. मग आधी काळी पकड सोडविली, नंतर तांबडी, आणि सोड्याच्या ऊन पाण्याने टोके धुऊन, कोरडी करून, चकाकेतो घासून पकडी आवळविल्या. तुळाजींनी विचारिले, दरबारास काय सांगावे. बाईसाहेब म्हणाल्या, मोटार नीट झाली, एवढेच सांगावे.

पुढे ऐन गारठ्यात एके पहाटे कळा सुरू जाहल्या. काचा दवाने पांढऱ्या. तुळाजींनी किल्ली फिरविली आणि मोटार पहिल्या हाकेस उठली. मागून बाईसाहेब दात आवळून म्हणाल्या, "आता सावकाश, काका." घाट उतरला, इस्पितळ आले, कन्यारत्न जाहले. आईसाहेबांनी संतोषून तुळाजींस शेला दिला. तुळाजींनी तो मस्तकी लाविला, आणि मग घडी उलगडून बाळाच्या अंगावर घातला, आणि डोळे पुसून बाहेर मोटारीपाशी जाऊन उभे राहिले.

सारांश, थंडी दरसाल येते. चूक दाखवून माणसाची अब्रू राखणारे धनी दरसाल येत नाहीत. तुळाजींस लाभले, हे ते अजून सांगतात.