एक कोपरा कमी

संस्कृतीने आईचा मोबाईल बंद करून गव्हाच्या कोठीत टाकला, तेव्हा घरात कुणाची हरकत नव्हती. तनुजा मॅडमनी नववीच्या वर्गाला सांगूनच ठेवलं होतं, आठवडाभर घरातला एक तरी मोबाईल उपाशी ठेवा आणि एका नातेवाइकाला हाताने पत्र लिहा. ज्याला हातानेच लिहिलेलं उत्तर येईल, तो स्नेहसंमेलनात दोन्ही पत्रं स्टेजवर वाचणार. वर्गात बेचाळीस मुलं. संस्कृतीने सगळ्यांदेखत उठून सांगून टाकलं, "मॅडम, माइक माझ्या उंचीचा लावून ठेवा."

पत्र तिने धनजच्या आवडाआत्याला लिहिलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, रोज पहाटे पाचला आईच्या मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवणारी. पत्र असं काही उतरलं, की संस्कृतीने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिला लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. 'समाजमाध्यमांच्या कोलाहलात हरवत चाललेला नात्यांचा ओलावा' हे सगळं एकाच वाक्यात बसलं होतं. फक्त शेवटी पेनाने दगा दिला आणि पोस्टकार्डाच्या कोपऱ्यावर सुपारीएवढा शाईचा डाग पडला. संस्कृतीने पट्टी धरून तेवढा कोपरा फाडून टाकला. पत्ता शाबूत, मजकूर शाबूत. कार्ड मालेगावच्या पेटीत पडलं.

आता, पूर्वी घरातलं कुणी वारलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवत, हे चौदा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? धनजच्या म्हाताऱ्या पोस्टमनला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. चौथ्या दिवशी त्याने ते कार्ड आत्याला दोन्ही हातांनी दिलं, टोपी काढली आणि पाणीही न घेता निघून गेला. आत्याने पहिली ओळ वाचली. 'पत्र लिहिण्यास कारण की'. पुढचं वाचायची तिची छाती झाली नाही. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून तिने अंगणातच त्याचे तुकडे केले आणि खाली बसली.

"माये बापू गेले," म्हाताऱ्या वडलांच्या आठवणीने तिने हंबरडा फोडला.

"अवं, फोन तं लावून पाह्य," तिचे मालक म्हणाले.

तिने भावजयीला, म्हणजे रूपालीला, फोन लावला. तो कोठीत होता.

"पाहा, बंद हाय. अशा टायमाले कोण फोन चालू ठेवते."

मग भावाला लावला. चंपत मालेगावच्या बाजारात होता, समोर त्याच्याच वांग्यांचा हर्रास चालला होता आणि कानात नुसता गलका.

"चंपत, कसं झालं रे?"

"आता बोलता नाही येत, ताई. घरीच ये," म्हणून त्याने फोन ठेवला.

"त्याच्या तोंडातून शब्द निघून नाही राह्यला," आत्या मालकाला म्हणाली, आणि गल्लीतली क्रूझर गाडी ठरली.

दुपारी क्रूझर मळ्यातल्या घरासमोर थांबली आणि तिच्यातून रडत रडत अकरा माणसं उतरली. रूपाली पिठाच्या हातांनी बाहेर आली. आत्याने तिला मिठी मारली.

"कसं झालं व रूपाली?"

रूपालीने अकरा रडकी तोंडं पाहिली आणि तिला वाटलं, धनजला कुणीतरी गेलं. कोण गेलं हे विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून तीही रडायला लागली. "मले तं काहीच माहीत नव्हतं हो, ताई."

"अव माय, घरात असून तुलेही माहीत नव्हतं?"

रडणं ऐकून समोरचे किराणावाले प्रेमसिंग धावत आले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन. त्यांनी उभ्याउभ्याच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं.

"काका, नाव?" शाळेतून नुकत्याच आलेल्या संस्कृतीने विचारलं.

"नाव मागून टाकू. पयले बातमी तं जाऊ दे."

पाव तासात सत्तेचाळीस जणांनी हात जोडले. नाव कुणीही विचारलं नाही. चौतिसावे हात बाजारातून चंपतचे होते.

तेवढ्यात मागच्या वाफ्यांना पाणी देत असलेले बापू, म्हणजे संस्कृतीचे आजोबा दौलतराव, खांद्यावर फावडं घेऊन आले. लेकीच्या घरचे अकरा लोक पाहून त्यांनी फावडं खाली ठेवलं. ते ओट्यावर टेकले.

"आवडे, कोण गेलं व?"

आत्या डोळ्यांना पदर लावूनच म्हणाली, "तुमीच तं गेले, बापू."

मग तिने पदर काढला.

"मी?" बापू म्हणाले. "मले कोणी सांगतलं नाही."

"कार्ड आलं ना. कोपरा फाटेल कार्ड."

सगळ्यांच्या माना हळूहळू संस्कृतीकडे वळल्या.

"तो शाईचा डाग होता," संस्कृती म्हणाली.

"मंग लिहिलं काय होतं त्यात?" आत्याने विचारलं.

"ख्यालीखुशाली," असं म्हणून ती प्रेमसिंगांच्या म्हशीकडे फार लक्ष देऊन बघू लागली.

रूपालीने डोळे पुसून अकरा जणांसाठी पिठलं टाकलं. बापूंनी पंगतीतली माणसं मोजली आणि त्यांचं तोंड उतरलं. "बाबूसिंग नाही आला. वीस वर्सं चहा पेला त्याच्यासंगं."

"त्यानं ग्रुपवर हात जोडले ना," प्रेमसिंग म्हणाले.

"कोणाले जोडले?"

"ते त्यालेही माहीत नसन."

त्यानंतर बरोब्बर तेराव्या दिवशी धनजहून कार्ड आलं. पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात, आत्याच्या स्वतःच्या हातचं.

'चि. संस्कृतीस, पत्र लिहिण्यास कारण की, तुझं पत्र मी वाचलंच नाही. तुकडे जोडून पाहिले, जमलं नाही. माझ्या नावानं आलेलं ते पयलंच पत्र. काय लिहिलं होतं ते परत लिह, बसून वाचीन. ह्या कार्डाचे चारी कोपरे मोजून घे.'

संस्कृतीने मोजले. चारही होते. बेचाळीस मुलांत हाताने लिहिलेलं उत्तर फक्त तिलाच आलं होतं. स्टेज तिचं, माइक तिचा. आता ते पहिलं पत्र तेवढं पुन्हा लिहिलं की झालं.

तिने नवं कार्ड घेतलं. 'तीर्थरूप आत्यास, पत्र लिहिण्यास कारण की' इथवर पेन धावला आणि थांबला. तिने हळूच आईचा मोबाईल उघडला. 'आत्याला पत्र' असं शोधलं तर एकोणीस पत्रं निघाली. नात्यांचा ओलावा सगळ्यांतच हरवत चालला होता. मोबाईल कोठीत टाकण्याआधी आपण यातलं कोणतं उतरवलं होतं, हे काही केल्या तिला आठवेना. एका पत्रातली आत्या तर पुण्यात सातव्या मजल्यावर राहत होती.

अर्धा तास झाला. ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या बापूंनी विचारलं, "काय झालं व? काहून अशी बसली?"

"बापू, काय लिहू ते सुचूनच नाही राह्यलं."

"त्यात सुचाचं काय हाय?" बापू म्हणाले. "लिह, बापू जित्ते हायेत. खाली सही मी करतो. पण पयले तो पेन बदल."