पाव मैलाची रसवंती

माझ्या इंजिनानं तिसरी गाडीही नाकारली, तेव्हा घरात काळजीचं वातावरण पसरलं.

कंपनीत तयार झालेलं इंजिन मिळेल त्या गाडीत मुकाट्यानं बसतं. पण हौशी माणसानं घरी बांधलेल्या इंजिनाला आधी गाडी दाखवावी लागते, आणि त्याची पसंती नसेल तर एकही बोल्ट आवळता येत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात पाव मैलाच्या शर्यतीची स्वप्नं बघतो. सरळ रस्ता, दोन गाड्या, आधी पोचेल ती जिंकली. त्या एका धावेसाठी मी हे इंजिन बांधलं. ब्लॉक भंगारातल्या जीपचा, पिस्टन ओळखीच्या फौंड्रीत ओतून घेतलेले, क्रँक लेथवर घालून तोललेला. हेडच्या आतली वाट मी पॉलिश पेपरनं इतकी घासली, की माझी बायको शोभना म्हणाली, "इतक्या वर्षांत एक पातेलं असं घासलं नाहीत." इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी मी ढसाढसा रडलो, हेही सांगून टाकतो.

तर ती तिसरी गाडी. फायबरची, लालभडक, वजनाला हलकी. शोभनानं रीतीप्रमाणे पोहे केले. इंजिन टेबलावर बसून होतं.

"रंग चांगला हाय," ते म्हणालं. "पण हिचा आवाज कसा हाय?"

"गाडीला आवाज नसतो. आवाज तुझाच."

"म्हंजे मास्तर, जन्मभर मी एकट्यानंच बोलायचं?"

गाडीवाल्यांनी पोहे खाल्ले, 'काय ते कळवा' म्हणाले आणि गेले. शर्यत रविवारी होती, आणि नुसतं इंजिन शर्यतीत घेत नाहीत. मी फार चिडलो. एवढं खपून बांधायचं आणि वर याचे नखरे सोसायचे!

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आनसाक्कांची रसवंती येऊन थांबली. चार चाकांचा गाडा, त्यावर उसाचा चरक, चरकाला घुंगरं. त्यांचं आधीचं छोटं इंजिन वयोमानानुसार निवृत्त झालं होतं, त्यामुळे बाई हातानंच चरक फिरवत होत्या. घुंगरं छुमछुमली.

माझं इंजिन टेबलावर एकदम सावरून बसलं.

"कोण बोलतंय वो ते?"

आनसाक्का बघायला आल्या. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"तब्येतीनं दांडगं हाय. धूर?"

"अजिबात सोडत नाही."

"म्हंजे निर्व्यसनी हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

इंजिन आणि घुंगरं बराच वेळ बोलत बसली. पसंती दोन्हीकडून झाली. आता रीत अशी, की इंजिन ज्या घरी दिलं त्या घरचं झालं. सोमवारपासून ते रस काढणार होतं आणि माझा त्याच्यावर काडीचाही हक्क उरणार नव्हता. मी आनसाक्कांपुढं हात जोडले. म्हटलं, रविवारी एकदा, फक्त एकदा, पाव मैल मला चालवू द्या.

"चालवा की," त्या म्हणाल्या. "पण माझा गाडा मी एकटा सोडत न्हाई. मी बी येनार, आन् ऊस बी येनार."

शनिवारी इंजिन गाड्यात बसवलं, चरकाबरोबर चाकांनाही जोडलं, सुकाणू आणि पॅडल लावलं, मैदानावर चाचणी घेतली आणि माझं तोंड उतरलं. ताकद उदंड, पण ती पेलेना. पॅडल दाबलं की चाकं जागच्या जागी गरगरायची, टायर धुमसायचे आणि गाडा हातभरही पुढं सरकायचा नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहत होतो.

रविवारी माळावरच्या धावपट्टीवर पर्वते नावाचे तपासनीस आले. त्यांनी रसवंतीकडे शांतपणे पाहिलं.

"चाकं किती?"

"चार."

"रस निघतो?"

"निघतो."

"तो इंधन म्हणून वापरता का?"

"छे. पितात लोक."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. "घुंगरं मात्र घट्ट बांधा. आमच्याकडे सुट्या भागांना परवानगी नाही."

आमच्या शेजारी एक निळी गाडी उभी राहिली. इतकी बुटकी, की आतल्या माणसाचं हेल्मेट तेवढं दिसत होतं. मी सुकाणू धरलं. मागं आनसाक्का उसाची मोळी घेऊन बसल्या. निशाणवाल्यानं समोर येऊन दोन्ही पंजे उघडून वर केले. याचा अर्थ 'थांबा' असा होतो. पण आनसाक्कांची उभी हयात गाड्यावर गेलेली. हात वर करून बोटं दाखवणारा माणूस त्यांच्या लेखी गिऱ्हाईक.

"दहा!" त्या म्हणाल्या, आणि आख्खी मोळी चरकात घातली.

"आक्का, अहो ऊस काय घालताय!"

तेवढ्यात निशाण पडलं. मी पॅडल दाबलं. इंजिनाची निम्मी ताकद उसात गेली, उरलेली चाकांकडे आली, आणि ती त्यांना बरोबर पेलली. चाकं गरगरली नाहीत. त्यांनी जमीन धरली आणि गाडा सुटला. जसजसा ऊस संपत गेला तसतशी मोकळी झालेली ताकद चाकांना मिळत गेली. घुंगरं अशी वाजत होती की दोन शब्दांमध्ये जागा राहिली नव्हती, आणि इंजिन त्यांना प्रत्येक शब्दाला उत्तर देत होतं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. लग्नातही नाही, आणि शोभनाला हे माहीत आहे.

निळी गाडी एका कांड्याच्या अंतरानं हरली.

आनसाक्का खाली उतरल्या, दहा ग्लास भरले आणि तबक घेऊन चालत निशाणवाल्यापर्यंत गेल्या. त्यानं तक्रार केली नाही. एक ग्लास पर्वत्यांनी घेतला, एक निळ्या गाडीवाल्यानं हेल्मेट काढून घेतला, आणि लिंबू जास्त पिळायला सांगितलं.

सगळे पांगल्यावर मी गाड्याजवळ गेलो. उद्यापासून इंजिन दुसऱ्याचं. बसलेल्या आवाजात म्हटलं, "आक्का, मला एक हाफ द्या."

"हाफ?" आनसाक्कांनी कमरेवर हात ठेवला. "आमच्यात व्याह्याला हाफ देत न्हाईत." आणि त्यांनी सगळ्यांत मोठा ग्लास काढून त्यात बर्फ टाकायला घेतला.

इंजिन अजून गरमच होतं. त्यानं मला तोपर्यंत मास्तरच म्हटलं होतं.

"आक्का," ते हळूच म्हणालं, "बाबास्नी बरफ नको. घसा धरलाय त्येंचा."