बरणीतला ब्रेक

एरंडेल लोक औंसाने नेतात. चांगोदादा भोईर चरवीने न्यायचे.

मी तेव्हा भाईंदरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि नवघरात चांगोदादांच्या शेजारी भाड्याची खोली घेऊन राहत होतो. लढाईचे दिवस होते. साखर नाही, रॉकेल नाही, पेट्रोलचा तर वाससुद्धा दुर्मीळ. एरंडेल मात्र मुबलक होतं, कारण ते कोणी हौसेने घेत नाही. चांगोदादा घ्यायचे. पितळी चरवी टेबलावर ठेवून म्हणायचे, "कंपोंडर, भरा." वर थोडं स्पिरिटही मागायचे. शेवटी डॉक्टर काळजीत पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, ह्यांच्या घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मी एकदा चांगोदादांना सुचवून पाहिलं की घाण्यावर हेच तेल स्वस्तात मिळेल. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "घान्याचं तेल गढूल. आत काय हाय, काय न्हाय, कसं कलंल? दिसंल तवाच खरं."

"दिसंल तवाच खरं" हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते नुसतं तोंडी लावायला नव्हतं. झाकलेली वस्तू त्यांना खपतच नसे. त्यांनी भाताच्या कणगीला कुडातून भोक पाडून काच बसवली होती, भात कुठवर आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. कणगीला खिडकी असलेलं पंचक्रोशीतलं ते एकच घर. भिंतीवरच्या घड्याळाची पाठ काढून त्यांनी ते उलटं टांगलं होतं. आतली चाकं फिरताना छान दिसायची, वाजले किती ते मात्र कळायचं नाही. वेळ विचारायला ते माझ्याकडे येत. गोडदेवला एका लग्नात पंगतीला बसण्याआधी त्यांनी चुलीवरच्या हंड्याचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, तेव्हा आचारी डाव घेऊन त्यांच्या मागे लागला होता. चांगोदादा पळता पळता पाहुण्यांना सांगत होते, "हाय हाय, भात हाय, बसा तुमी!"

तर हे एरंडेल पोटात जात नव्हतं, मोटारीत जात होतं. घरच्या अंगणात भेंडीच्या झाडाखाली चांगोदादा स्वतःची मोटार बांधत होते. पूर्वी ते एका मिठाच्या व्यापाऱ्याची लॉरी चालवायचे. ते का सोडलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता घरचं छोटं मिठागर बघायचे आणि उरलेला वेळ गाडीखाली उताणे पडून असायचे. सांगाडा मुंबईच्या भंगारातून आलेला, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, चाकं तिसरीची. हे गोत जमवून त्यांचा संसार लावून देण्याचं काम चांगोदादा बैलाच्या चिकाटीने करत होते. गाडीला ते त्यांच्या बोलीत गारी म्हणत. "गारी झाली का?" असं येणाराजाणारा चेष्टेने विचारी, आणि ते गाडीखालून उत्तर देत, "व्हतेय."

सांगाड्यावरची लाकडी पेटी बांधायला त्यांनी उत्तनहून पास्कू मिस्त्रीला आणलं. पास्कू हा जन्मभर मासेमारीच्या होड्या बांधलेला माणूस. गळ्यात क्रूस, कानावर पेन्सिल. त्याने फळ्या अशा काही बेमालूम सांधल्या की मुंगीलाही वाट मिळू नये. पुढून गाडी निमुळती झाली, मागून फुगीर, आणि सगळीकडून डांबर फासलेली. पास्कू मागे सरकून बघत म्हणाला, "चांगो, आता खारीत घाल हिला. बुरली तर माझा नाव बदल."

बुडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की पास्कूने गाडीला दारच ठेवलं नव्हतं. होडीला दार नसतं, म्हणून त्याच्या हाताला ते सुचलंच नाही. आत जायचं तर काठावर हात टेकून उडी मारायची. चांगोदादा एरवी शांत गृहस्थ, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"डावीकडं दार पाड. आनि खाली पायरी कर. आखूड पायरी."

"आरं पन पानी आत येल ना!" पास्कू कळवळला.

"रस्त्यावर कुठलं पानी?"

पास्कूने क्रूसाला हात लावला आणि करवत उचलली. चांगल्या होडीला भोक पाडताना त्याचा चेहरा बकरा कापायला लावलेल्या ब्राह्मणासारखा झाला होता. उजवीकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, मात्र दार नाही ते नाहीच. चांगोदादा शेवटपर्यंत गाडीत उडी मारूनच बसले.

ते दार आणि ती आखूड पायरी कोणासाठी, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ओट्यावर हिरावहिनी मासळी साफ करत बसल्या होत्या. चांगोदादांच्या ह्या बायकोचा उजवा गुडघा वाकत नसे. काठी टेकत घरातल्या घरात फिरायच्या, अंगणाच्या पलीकडे कधी दिसल्या नाहीत. मी गुडघ्याला लावायचं तेल घेऊन गेलो होतो. सहज विचारलं, हे कशाने झालं?

"त्यांनीच केलं," त्या गाडीखालच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाल्या. अंगणातली हातोडी थांबली.

झालं होतं असं. हिरावहिनींचं माहेर घोडबंदरला. एकदा तिथून परत येताना चांगोदादांनी त्यांना मिठाच्या लॉरीत शेजारी बसवलं. किल्ल्याजवळच्या उतारावर लॉरीचे ब्रेक लागले नाहीत, आणि लॉरी खाली जाऊन खाडीकाठच्या चिखलात कलंडली. चांगोदादांना खरचटलंही नाही. वहिनींचा गुडघा गेला. ब्रेकचं तेल कधीतरी गळून संपलं होतं. त्या तेलाची वाटी असते चालवणाऱ्याच्या पायाखाली, फळीच्या खाली, अंधारात. फळी उचलून बघितली तर दिसायची, आणि त्या दिवशी ती कोणी उचलली नव्हती.

"बिरेक गेले म्हनं," वहिनी म्हणाल्या. "मी इचारलं, कुठं गेले, मना दावा. तर काय दावनार? तेल सपलं ता तुमानाच दिसलं न्हाय, मंग मी कुनाच्या भरवशावर बसू?"

तेव्हापासून वहिनी कुठल्याही गाडीत बसल्या नव्हत्या. मोटारीत नाही, बैलगाडीतही नाही. घोडबंदरला त्यांची म्हातारी आई होती. तिला दिसेनासं होत चाललं होतं आणि लेकीचं तोंड अजून ओळखू येतंय तोवर बघायचंय असे निरोप ती येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर धाडत होती. वहिनी निरोप ऐकायच्या आणि मासळी साफ करायच्या. मला त्या संध्याकाळी कणगीची खिडकी आणि उलटं घड्याळ एकदम उमगलं, आणि हसलो होतो त्याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी चांगोदादा आमच्याकडे आले ते चरवी न घेता. लोणच्याची एक काचेची बरणी त्यांच्या हातात होती. "कंपोंडर, हिच्या बुडाला नली बसवायची हाय. काच न फोडता भोक कसं पारतात?"

मला ठाऊक नव्हतं. बऱ्याच बरण्या फुटल्यावर त्यांना ठाऊक झालं. बेत असा होता: फळीखालची ती वाटी बंद करायची, आणि तिच्याऐवजी तेलाचा साठा वर आणायचा, ह्या बरणीत. बरणी बसवायची डाव्या बैठकीच्या समोर, आणि तिच्या बुडातून तांब्याची नळी खाली ब्रेकच्या पंपापर्यंत न्यायची. बरणी उंचावर, पंप खाली. मिठागरावर वाढलेल्या माणसाला पाणी वरून खाली कसं उतरवायचं हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी तेल लढाईमुळे मिळत नव्हतं, म्हणून एरंडेल आणि स्पिरिट. त्यात ब्रेकच्या पंपातल्या रबराच्या वाट्या भिजत घालून, कुठल्या मिश्रणात रबर फुगतं नि कुठल्यात नाही, हे ते खिडकीतल्या बाटल्यांत केव्हापासून बघत होते.

मी म्हणालो, "पण दादा, बरणी तुमच्यासमोर बसवा ना. गाडी तुम्ही चालवणार."

"मना कशाला?" ते म्हणाले. "भरोसा मना नको, तिला व्हवा."

बरणी बसली. धूळ जाऊ नये म्हणून चांगोदादांनी झाकणाच्या कडेने मेण ओतून ती गच्च बंद केली, आणि तेल काही केल्या खाली उतरेना. नळी काढून फुंकली, पुन्हा लावली, पंपाला शिव्या घातल्या. शेवटी चिडून त्यांनी झाकणात खिळा ठोकला. भोक पडताच बरणी गटगट करू लागली आणि तेल निमूट खाली गेलं. आत हवा जायला वाट ठेवली नव्हती, एवढंच. सगळ्या जगाची झाकणं उघडत फिरणाऱ्या माणसाने नेमकं एक झाकण बंद केलं होतं, आणि तेच नडलं.

मग नळ्यांमधली हवा काढायचं काम आलं. ह्याला दोन माणसं लागतात. मला होडीत, म्हणजे गाडीत, बसवून पायाखालचा ब्रेकचा दांडा दाबायला लावलं आणि चांगोदादा चाकापाशी पाना घेऊन आडवे झाले. "दाबा… धरून ठेवा… आता सोडा." मी धोतर सावरत दाबत होतो आणि सोडत होतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एकाने मला, वल्हं कुठाय, असंही विचारलं.

अडचण अशी की बरणीतलं तेल फार खाली गेलं की पुन्हा हवा शिरते, आणि बरणीकडे बघायला कोणी नव्हतं. मी पायाकडे बघत होतो, चांगोदादा चाकाकडे. इतक्यात ओट्यावरून आवाज आला.

"तेल खाली गेलं! वता!"

हिरावहिनी काठी टेकून उभ्या होत्या. उघड्या दारातून त्यांना बरणी बरोबर समोर दिसत होती. मी तेल ओतलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज, "फुगे येतान!" आणि मग, "आता न्हाय येत." त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक झाला नाही. वहिनी ओट्यावरून हलल्या नाहीत.

आठवडाभर त्या रोज सकाळी ओट्यावरून बरणी बघायच्या. तेल तिथेच असायचं. एका सकाळी त्या लुगडं बदलून, काठी टेकत अंगणात उतरल्या, आखूड पायरीवर पाय ठेवला आणि डाव्या बैठकीवर बसल्या. मला चांगोदादांचा चेहरा बघवला नाही, मी गाडीच्या मागे गेलो. पेट्रोल कुठून आणलं ते मी विचारलं नाही. ह्या एका बाबतीत त्यांनीही काही दाखवलं नाही.

मी मागच्या फुगीर भागात बसलो होतो. चांगोदादा थोड्या थोड्या अंतराने विचारत, "तेल हाय का गो?" वहिनी म्हणत, "हाय." खाडी आली, बगळे आले, किल्ला दिसू लागला, वहिनींनी बरणीवरून नजर काढली नाही. तो उतार आला तेव्हा चांगोदादांनी माथ्यावर गाडी थांबवली.

"तेल हाय का गो?"

वहिनींनी दोन्ही हातांनी बरणी धरली. "हाय. चला."

आम्ही बैलगाडीहून हळू उतरलो. खाली पोचल्यावर वहिनी रडायला लागल्या आणि चांगोदादांना म्हणाल्या, "रस्त्यात काय बघितलं न्हाय मी. येताना बघंन." म्हातारीने लेकीचं तोंड चाचपून ओळखलं आणि थोडं बघूनही ओळखलं, असं ती म्हणाली. मी ते खरं मानतो.

त्यानंतर त्या दोघांनी किती फेऱ्या मारल्या असतील! पेट्रोल मिळेल तेव्हा घोडबंदर, बाकीच्या दिवशी नुसतं अंगणात बसणं. पुढे लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, माझी नोकरी दुसरीकडे गेली. हिरावहिनी तापाने गेल्याचं मला पत्राने कळलं. भेटायला गेलो तेव्हा चांगोदादा म्हणाले, "चला, घोरबंदरला जाऊन येऊ." म्हातारीही आता नव्हती, तिथे कोणीच नव्हतं. मी काही न विचारता डाव्या बाजूला बसलो.

बरणी तिथेच होती, स्वच्छ पुसलेली. बाजारात आता इंग्रजी तेल मिळत होतं, तेच आत होतं. वाटेत ते मिठाच्या भावाबद्दल बोलत राहिले. उताराच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि समोर बघत विचारलं, "तेल हाय का?"

मला वाटलं, जुनी सवय आहे, स्वतःशीच बोलतायत. पण गाडी पुढे जाईना. इंजिन घरघरत राहिलं आणि चांगोदादा हातात चक्र धरून तसेच बसून राहिले. मान जरा वळवली असती तर बरणी त्यांनाही दिसली असती. त्यांनी ती वळवली नाही.

मी वाकून बरणीत पाहिलं.

"हाय," मी म्हणालो. "चला."

तेव्हा कुठे त्यांनी गाडी उताराला लावली.