शाळेची गुप्त पाहणी

रेनाताला कुठल्या शाळेत घालायचं, हा विषय माझ्या बायकोनं, नोएलियानं, जेवताना काढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपऱ्यावरची सरकारी शाळा मी स्वतः बघून येतो."

"तू?" नोएलिया म्हणाली. "तू टोमॅटो बघून आणतोस, तेसुद्धा सडके निघतात."

मी मनावर घेतलं नाही. (नगरपालिकेत कारकुनी करणाऱ्या माणसाची कातडी जाड असते.) पण प्रश्न टोमॅटोइतका सोपा नव्हता. मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की रेनाता पहिलीत जाणार. पोरगी हुशार, पण तिचे शब्द अडकतात. घरात कमी, परक्या माणसांपुढे जास्त. पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. ती लाल होते, समोरचा कानकोंडा होतो, आणि मग मी पटकन तिचं वाक्य पुरं करून दोघांची सुटका करतो.

त्यात माझा साडू मिल्टन. त्याची मुलं नदीकाठच्या खासगी शाळेत जातात. तिथे पोहण्याचा तलाव आहे, इंग्रजी आहे, कोटाच्या खिशावर सोनेरी सिंह आहे. रविवारी त्याच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत असताना तो म्हणाला, "सरकारी शाळेत घालतोस? अरे, एकेका वर्गात तीसच्या वर पोरं. तुझी लेक तोंड उघडेपर्यंत वर्ष संपेल!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण ताटात त्याचंच मांस होतं. पण तो घास काही केल्या खाली उतरेना.

म्हणून मी ठरवलं, जायचं ते गुपचूप. सांगून गेलं की शाळा नटून बसते. (आमच्या कार्यालयात साहेब येणार असले की आम्हीही कुंड्या पुसतो.) आमच्याकडे नोव्हेंबरात उन्हाळा लागतो, ऊन चांगलंच तापलं होतं, तेव्हा रुंद काठाची गवती हॅट घातली. 'माते' हा आमचा कडवट चहा प्यायचा तुंबा आणि त्याच्या गरम पाण्याचा काखेतला थर्मास मुद्दाम घरी ठेवला. थर्मासशिवाय मला आमच्या पायसांडू गावात कोणीच ओळखणार नाही, याची खात्री होती.

शाळेच्या फाटकातून आत नुसतं डोकावून बघावं, एवढाच माझा बेत होता. पण झाडू हातात घेतलेल्या मावशींनी मला पकडलं.

"पहिलीच्या वर्गासाठी आलात ना?"

आता याला मी 'नाही' कसं म्हणणार? पहिलीच्याच वर्गासाठी आलो होतो!

"हो," म्हणालो.

"चला, चला! मुलं केव्हाची वाट बघतायत."

मला वाटलं, वा! पालकांबद्दल केवढी ही आस्था! मावशींच्या मागून चालताना मी पाहणी सुरू केली. भिंतीचा रंग उडालेला. छताला ओल, खाली बादली. मधल्या चौकात एक लिंबाचं झाड, त्याला मुलांनी आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. वर्गाचं दार उघडलं आणि शाळेच्या पांढऱ्या झग्यांचा, गळ्यात निळ्या फिती बांधलेला अख्खा थवा ओरडला, "मधमाशीवाले काका आले!"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"या, या," वर्गातल्या सुल्माबाई म्हणाल्या. ठेंगण्याशा, केस पिकलेल्या, हाताला खडूची पूड. "मुलांनी खूप प्रश्न काढून ठेवलेत. तुमची हॅट त्यांना लगेच ओळखू आली बघा!"

इथे कोणत्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं, 'बाई, गैरसमज झालाय.' पण तीसेक चेहरे माझ्याकडे असे बघत होते, की मी खाली मान घालून निघून गेलो असतो तर मधमाशांबद्दलचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला असता. (हे मी नंतर नोएलियाला सांगितलं. ती म्हणाली, "तू घाबरलास, एवढंच.")

"माशी चावते तेव्हा तिला पण दुखतं का?" पुढचे दोन दात पडलेली मिकाएला म्हणाली.

"थोडंसं," मी म्हणालो.

"माझी आजी म्हणते, ती मरते."

"म्हणजे... थोडंसं मरते."

मिकाएलानं बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हॅटच्या आत घामाची धार लागली.

तेवढ्यात मधल्या रांगेतल्या लाउतारो नावाच्या मुलानं हात वर केला. "रा... रा... रा..."

 हा आवाज मला चांगलाच ओळखीचा होता. आणि सवयीनं मी मदतीला धावलो. "राणीमाशी! राणीमाशी केवढी असते, हेच ना?"

त्यानं मान हलवली. पुन्हा, "रा... राणी..."

"राणी काय खाते?"

वर्गातून एक मोठा सुस्कारा आला. मिकाएला उभी राहिली आणि तिनं मला, सरकारी नोकरीत केस गळालेल्या माणसाला, शांतपणे समज दिली. "काका, मध्ये बोलू नका ना. त्याचं वाक्य आहे ते."

मी गप्प झालो. सगळा वर्ग गप्प होता. कोणी खिदळलं नाही, कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही. एक जण नाकात बोट घालून, पण अगदी शांतपणे, वाट बघत होता. बाईंनी फळा पुसायचा घेतला, जणू घाईचं असं जगात काही नाहीच. मला मात्र ते थांबणं सोसवेना. जिभेच्या टोकावर तीन-चार वाक्यं तयार होती आणि मी ती दातांखाली दाबून धरली होती. घरी मी रेनाताच्या तोंडात किती वाक्यं कोंबत आलो असेन, असा विचार आला आणि तो काही बरा वाटला नाही.

शेवटी लाउतारोचं वाक्य निघालं. "राणी... एकटी असली, की ति... तिला भीती वाटते का?"

हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. आत आल्यापासून बोललेलं माझं हे पहिलं खरं वाक्य. आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं. दारात जाळीची टोपी आणि मधाची बरणी घेतलेला एक दणकट माणूस उभा होता.

"माफ करा, उशीर झाला. मी मधमाशीवाला."

"मग हे कोण?" मिकाएलानं विचारलं.

मी हॅट काढली. "मी रेनाताचा बाबा. ती पुढच्या वर्षी शाळेत येणार आहे. मी... शाळा बघायला आलो होतो."

"मग सरळ विचारायचं ना!" सुल्माबाई हसू दाबत म्हणाल्या. "बसा. बघा."

मला मिकाएलाशेजारची चिमुकली खुर्ची मिळाली. गुडघे कानांशी टेकवून मी खऱ्या काकांना ऐकलं. राणीभोवती तिच्या मैत्रिणींचा घोळका असतो, पोळ्यात ती सहसा एकटी पडत नाही, हे कळल्यावर लाउतारोनं समाधानानं मान डोलावली. मीही डोलावली.

मधल्या सुट्टीत मी बाईंना हळूच विचारलं, "मुलं त्याला हसत नाहीत?"

"सुरुवातीला हसली की! मग त्यांना कळलं, तो प्रश्न झकास विचारतो. घाई केली तर प्रश्न हातचा जातो. छत गळतं हो आमचं, वर्गात गर्दी आहे, ते काही लपवत नाही. पण थांबायला आम्हाला वेळ असतो." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमची लेक पण सावकाश बोलते का?"

 या खेपेला माझंच पहिलं अक्षर ओठांवर अडकलं होतं. बाई थांबल्या.

घरी आल्यावर नोएलियानं विचारलं, "कशी आहे शाळा?"

"छत गळतं," मी म्हणालो. "तिथेच घालू या."

मार्चमध्ये पहिल्या दिवशी आम्ही फाटकाशी उभे होतो. ही गर्दी! रेनाताच्या झग्याला नोएलियानं अशी कडक इस्त्री केली होती की पोरगी त्यात पुठ्ठ्याची वाटत होती. घंटा झाली. रेनातानं माझ्याकडे वर बघितलं, तिचा चेहरा लाल झाला आणि ओठ हलले.

"बा... बा... बाबा... तू..."

आजूबाजूचे पालक वळले.  पण मी आता पूर्वीचा राहिलो नव्हतो. शांत उभा राहिलो, पायही हलवला नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. वेळ घे, बाळा. तुझं वाक्य आहे. सगळं जग थांबलं तरी चालेल.

"तू... मा... माझ्या... पा... पायावर उभा आहेस!"